विखुरलेले सेल कॉपी करताना यादी बिघडते कुठे? एक्सेलमधली खात्रीची पद्धत, टप्प्याटप्प्याने

"गावाच्या यादीतले फक्त त्रुटीवाले शेतकरी वेगळे काढून पाठवा," असा निरोप आला की सेवा केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत बसलेला माणूस कंट्रोल दाबून एकेक सेल टिपायला लागतो. वीसएक टिपून होतात, एकविसाव्याला बोट सुटते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. कधी टिपून पूर्ण होते, पण कॉपी म्हटले की एक्सेल चक्क नाही म्हणतो. सगळ्यात वाईट म्हणजे काहीच अडत नाही, यादी तयार होते, पण खाते क्रमांक एका ओळीने खाली सरकलेला असतो. अनुदानाच्या यादीत ही एक ओळ म्हणजे एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात.

चूक बहुतेक वेळा हाताची नसते, क्रमाची असते. आधी टिपायचे आणि मग विचार करायचा, हा क्रम उलटा करावा लागतो. आधी ओळींवर खूण, मग फिल्टर (म्हणजे हव्या तेवढ्याच ओळी दाखवणे), मग कॉपी.

उदाहरणासाठी औसा तालुक्यातल्या एखाद्या गावाची २१२ शेतकऱ्यांची यादी धरू. पहिल्या ओळीत शीर्षके, दुसरीपासून २१३ व्या ओळीपर्यंत नावे. कॉलम असे: ए मध्ये अनुक्रमांक, बी मध्ये नाव, सी मध्ये गट क्रमांक, डी मध्ये क्षेत्र, ई मध्ये खाते क्रमांक, एफ मध्ये आयएफएससी, जी मध्ये रक्कम, एच मध्ये शेरा. त्यातल्या ३१ ओळी वेगळ्या काढायच्या आहेत. कॉलमची अक्षरे आणि आकडे इथे देवनागरीत दिले आहेत, एक्सेलमध्ये ते इंग्रजीत टाइप करायचे.

एक्सेल "नाही" का म्हणतो

कंट्रोल दाबून कुठलेही सेल निवडता येतात. कॉपी मात्र कुठलेही होत नाहीत. निवडलेल्या तुकड्यांमधली रिकामी जागा काढून टाकली तर उरलेल्याचा सरळ चौकोन व्हायला हवा, एवढी एकच अट आहे.

बी४, बी९ आणि बी१५ एकाच कॉलमात आहेत, म्हणून कॉपी होतात. बी४ ते बी२०, सोबत जी४ ते जी२०, हेही होते, कारण दोन्हीकडे ओळी त्याच आहेत. बी४ आणि जी९ मात्र होत नाही. ना ओळ एक, ना कॉलम एक. तेव्हा "धिस ॲक्शन वोन्ट वर्क ऑन मल्टिपल सिलेक्शन्स" असा संदेश येतो. जुन्या आवृत्त्यांत शब्द वेगळे असतात, अर्थ तोच. एका बाजूला अख्खी ओळ आणि दुसऱ्या बाजूला सुटे सेल अशी मिसळ केली तरीही कॉपी अडते.

अट पाळली तरी तीन गोष्टी आधीच ठाऊक हव्यात:

- पेस्ट करताना मधले अंतर राहत नाही. बी४, बी९, बी१५ खाली एकाखाली एक चिकटून बसतात.
- क्रम शीटमधला येतो, तुम्ही क्लिक केलेला नाही. आधी जी आणि मग बी निवडला तरी पेस्टमध्ये बी डावीकडेच येतो.
- तुकड्यांनी कॉपी केलेली सूत्रे साध्या पेस्टमध्ये सूत्रे राहत नाहीत, त्यांचे उत्तर तेवढे उतरते. बेरजेचे सूत्र जिवंत हवे असेल तर ते नव्या शीटमध्ये पुन्हा लिहावे लागते.

कट, म्हणजे कंट्रोल आणि एक्स, विखुरलेल्या निवडीवर चालतच नाही. हलवायचे असेल तर कॉपी करा, पडताळा आणि मगच मूळ जागेचे पुसा.

तयारी: इथे दहा मिनिटे घाला

१. मूळ फाइलची प्रत काढा, नाव बदला आणि काम प्रतीवरच करा. कॉपी केलेला मजकूर क्लिपबोर्डावर असतो. वीज गेली, संगणक बंद पडला की तो गेला. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर सेव्ह करा.

२. अनुक्रमांक पक्का करा. ए कॉलममध्ये सूत्राने आलेले क्रमांक असतील तर ते कॉपी करून त्याच जागी केवळ मूल्य म्हणून (पेस्टमधला "व्हॅल्यूज" पर्याय, सूत्र सोडून फक्त उत्तर येते) पेस्ट करा. हा क्रमांक म्हणजे ओळीची ओळख. पुढची सगळी पडताळणी त्याच्याच जोरावर होते.

३. मर्ज केलेले, म्हणजे जोडून एक केलेले, सेल सोडवा. बऱ्याच याद्यांत गावाचे किंवा मंडळाचे नाव एकदाच लिहून खालचे पंधरावीस सेल मर्ज केलेले असतात. दिसायला छान, कामाला घातक. मर्जमधले नाव फक्त पहिल्या सेलमध्ये असते, बाकीचे रिकामे. त्या गावावर फिल्टर लावला तर एकच ओळ दिसते आणि उरलेले शेतकरी गुपचूप गळतात.

सोडवायची रीत अशी. तो कॉलम निवडून अनमर्ज करा. मग डेटाच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंतचाच भाग निवडा. एफ५ दाबा, स्पेशल, त्यात ब्लँक्स, ओके. सगळे रिकामे सेल एकदम निवडले जातात. आता कुठेही क्लिक न करता बरोबरचे चिन्ह टाइप करा, वरचा बाण एकदा दाबा आणि कंट्रोल धरून एंटर द्या. प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये वरचे नाव उतरते. ते सूत्र असते, म्हणून लगेच पूर्ण कॉलम कॉपी करून मूल्य म्हणून पेस्ट करा. हे शेवटचे विसरलात आणि नंतर यादी सॉर्ट केली, तर गावांची नावे भलत्याच शेतकऱ्यांपुढे जातात.

४. मधल्या रिकाम्या ओळी आणि "एकूण"च्या ओळी काढा. फिल्टर आपोआप लावला की तो पहिल्या पूर्ण रिकाम्या ओळीपर्यंतच पोचतो, खालचा भाग बाहेर राहतो. मधे एकूण ठेवली तर ती रकमेच्या बेरजेत दुसऱ्यांदा मोजली जाते.

५. फॉन्ट पाहा. सरकारी कार्यालयांतल्या जुन्या फाइली कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये असतात. पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरे साठवलेली असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण मराठी अक्षरांत, "त्रुटी" टाइप करून शोधले तर अशा फाइलमध्ये काही सापडत नाही. मूल्य म्हणून पेस्ट केले तर फॉन्ट मागे राहतो आणि नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर फॉन्टसकट, साध्या पेस्टनेच कॉपी करा.

६. खाते क्रमांकाचा कॉलम टेक्स्ट आहे ना, ते बघा. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळतो. १६ अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून भरला गेला तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि तो नंतर टेक्स्ट केल्याने परत येत नाही. १२ अंकी आधार क्रमांक जनरल फॉरमॅटमध्ये १.२३ई+११ अशा रूपात दिसतो. तिथे अंक शाबूत असतात, फक्त दिसत नाहीत.

> तपासणी: ई कॉलममध्ये शून्याने संपणारे १६ अंकी क्रमांक ओळीने दिसत असतील तर इथेच थांबा. मूळ पासबुकावरून दुरुस्त केल्याशिवाय ही यादी पुढे पाठवू नका.

टप्पा १: खूण करा

आय कॉलममध्ये "खूण" असे शीर्षक द्या. हव्या असलेल्या प्रत्येक ओळीसमोर इंग्रजीतला १ टाका, बाकी रिकामे ठेवा. टिकमार्क, रंग, "हो-नाही" यापेक्षा १ बरा, कारण त्याची बेरीज होते. कॉलम आय निवडला की खालच्या पट्टीवर बेरीज ३१ दिसली पाहिजे. मागणी ३१ ची आणि बेरीज ३० असेल तर चूक इथेच सापडते, तासाभराने नाही.

कुठल्या ओळींवर खूण करायची हे तीन प्रकारे कळते.

कागदावर अनुक्रमांक लिहून आले असतील तर एकाने वाचावे, दुसऱ्याने १ टाकावा. दोघे असतील तर चूक कमी होते.

शेऱ्यावरून निवडायचे असेल तर एच कॉलमवर फिल्टर लावून त्यातले पर्याय नीट वाचा. "त्रुटी", "त्रूटी", "त्रुटी" आणि मागे एक स्पेस, हे एक्सेलच्या दृष्टीने तीन वेगळे शब्द आहेत. सगळ्यांवर टिक करा. दिसणाऱ्या ओळींत आय कॉलमचे सेल निवडा, आल्ट धरून अर्धविराम दाबा, १ टाइप करा, कंट्रोल धरून एंटर. दिसणाऱ्या सगळ्या ओळींत १ भरला जातो.

शेरा लांबलचक वाक्यात असेल तर कंट्रोल आणि एफ, शब्द टाका, फाइंड ऑल. खाली सापडलेल्यांची यादी येते. त्या यादीत एकदा क्लिक करून कंट्रोल आणि ए दाबले की सगळे सेल शीटवर निवडले जातात. खिडकी बंद करून त्यांना पिवळा रंग द्या, मग एच कॉलमवर रंगाने फिल्टर लावून वरच्याच रीतीने आयमध्ये १ भरा.

> सावधान: "त्रुटी" शोधले की "त्रुटी नाही" आणि "त्रुटी पूर्तता झाली" हेही सापडतात. फाइंड ऑलच्या यादीत प्रत्येक शेरा पूर्ण दिसतो. कंट्रोल आणि ए दाबण्याआधी ती यादी वरून खाली एकदा वाचा.

टप्पा २: फिल्टर लावा

आधीचे सगळे फिल्टर काढा. ए१ पासून आय२१३ पर्यंत स्वतः निवडा, एक्सेलवर सोडू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एल एकत्र दाबा. "खूण"च्या बाणावर जाऊन फक्त १ ठेवा. खालच्या पट्टीवर २१२ पैकी ३१ ओळी सापडल्याचा मजकूर येतो. डावीकडचे ओळींचे आकडे निळे होतात आणि मधेमधे तुटतात: १७, ४३, ४४, ८८ असे.

टप्पा ३: फक्त दिसणारे कॉपी करा

ए१ पासून एचच्या शेवटच्या दिसणाऱ्या ओळीपर्यंत निवडा. आय घेऊ नका, खुणेचा कॉलम पुढे पाठवायचा नाही. आता आल्ट आणि अर्धविराम, मग कंट्रोल आणि सी.

फिल्टर लावलेला असला की एक्सेल एरवीही दिसणाऱ्याच ओळी उचलतो. मग आल्ट-अर्धविराम कशाला? कारण यादीत कुणीतरी हाताने हाइड केलेल्या ओळी किंवा कॉलम असू शकतात, आणि हाताने लपवलेले साध्या कॉपीत बरोबर येते. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून दर वेळी तीच दोन बटणे दाबायची. कीबोर्ड मराठीवर असेल तर आधी इंग्रजीवर आणा. हीच सोय एफ५, स्पेशल, व्हिजिबल सेल्स ओन्ली इथेही मिळते.

> तपासणी: कॉपी झाल्यावर तुटक धावती रेघ एका मोठ्या चौकोनाभोवती नसून प्रत्येक तुकड्याभोवती वेगळी दिसली पाहिजे. एकच मोठा चौकोन दिसला तर एस्केप दाबून पुन्हा निवडा.

धावती रेघ आहे तोवरच कॉपी हातात आहे. मधेच एखाद्या सेलमध्ये काही टाइप केले किंवा एस्केप दाबले की ती जाते.

टप्पा ४: पेस्ट, पण फॉरमॅटसकट

नवीन शीट, ए१ वर एक क्लिक. पेस्टसाठी एकच सेल निवडायचा, मोठा भाग निवडून ठेवायचा नाही.

सरसकट "व्हॅल्यूज" निवडायची सवय इथे नडते, आणि आपल्या याद्यांत ती फार वाईट नडते. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते. १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर. केवळ मूल्य पेस्ट केले की नव्या सेलचे फॉरमॅट जनरल असल्याने तेच १.२ दिसते. वाचणारा ते १ हेक्टर २ आर असे वाचतो, आणि ते तर १.०२ लिहायला हवे. संख्या तीच राहते, वाचन बदलते, आणि हाताने दुसऱ्या नमुन्यात उतरवताना १८ आर जमीन कागदावरून नाहीशी होते.

म्हणून कंट्रोल, आल्ट आणि व्ही दाबा. उघडलेल्या खिडकीत यू दाबून एंटर द्या. हा "व्हॅल्यूज अँड नंबर फॉरमॅट्स" पर्याय आहे. दशांशानंतरचे शून्य टिकते, खाते क्रमांक टेक्स्टच राहतो, सूत्रे मागे राहतात. रेघ चालू असतानाच पुन्हा कंट्रोल, आल्ट, व्ही, मग डब्ल्यू आणि एंटर. त्याने कॉलमची रुंदी मूळ यादीसारखी होते.

मधे नोटपॅड किंवा व्हॉट्सॲपचा मेसेज आणू नका. तिथून परत एक्सेलमध्ये आणलेला खाते क्रमांक संख्या म्हणून वाचला जातो आणि सुरुवातीची शून्ये गळतात. सीएसव्ही फाइल थेट दोनदा क्लिक करून उघडली तरी हेच होते.

टप्पा ५: जुळवून पाहा

- नव्या शीटमध्ये ए कॉलमचे क्रमांक निवडा. पट्टीवर काउंट ३१ हवा. ३२ दिसला तर शीर्षक मोजले गेले आहे.
- जी कॉलमची बेरीज दोन्ही शीटमध्ये पाहा, मूळ शीटमध्ये फिल्टर लावलेलाच ठेवून. पैशासह जुळली पाहिजे. पट्टीवर काउंट दिसतो पण बेरीज दिसत नाही, असे झाले तर रकमा टेक्स्ट आहेत.
- डी कॉलमची बेरीज तशीच जुळवा.
- पहिली, मधली आणि शेवटची ओळ अनुक्रमांकावरून मूळ यादीत काढून नाव, गट, खाते एकत्र वाचा. बेरीज जुळली तरी खाते सरकलेले असू शकते, ते फक्त वाचूनच कळते.
- आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि पाचवे अक्षर शून्य असते. तिथे इंग्रजी ओ टाइप झालेला सर्रास आढळतो. त्रुटीवाल्यांच्या यादीत तर आधी तेच तपासा.

सेल थोडेच असतील तेव्हा

आठ-दहा सेलांसाठी फिल्टरचा घाट घालायची गरज नाही. पहिल्या सेलवर साधे क्लिक, पुढचे कंट्रोल धरून. पण तीन ठिकाणी हात चुकतो.

कंट्रोल धरून माउसचे चाक फिरवले की शीट खाली सरकत नाही, लहान-मोठी होते. सरकायचे असेल तेव्हा कंट्रोल सोडा. निवड जात नाही, पुढचे क्लिक करताना कंट्रोल धरलेला असला म्हणजे झाले.

क्लिक सेलच्या मधोमध करा. निवडलेल्या सेलच्या कडेवर कंट्रोल धरून क्लिक ओढले गेले तर तो सेल शेजारच्यावर कॉपी होऊन बसतो. असे झाल्यासारखे वाटले तर लगेच कंट्रोल आणि झेड.

चुकून नको तो सेल निवडला गेला तर मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये त्यावर पुन्हा कंट्रोल-क्लिक केले की तो सुटतो. जुन्या आवृत्त्यांत सुटत नाही, सगळे पहिल्यापासून करावे लागते.

कंट्रोल धरून बोट दुखत असेल तर शिफ्ट आणि एफ८ एकदा दाबा. मग नुसते क्लिक केले तरी सेल निवडीत जमा होतात. थांबवायला एस्केप. काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावे लागते. पत्ते माहीत असतील तर सूत्रपट्टीच्या डावीकडच्या नेम बॉक्समध्ये बी४, बी९, बी१५ असे इंग्रजीत स्वल्पविराम देऊन लिहा आणि एंटर द्या. माउसला हात न लावता तिन्ही निवडले जातात.

सेल तिरपे-तारपे असतील, म्हणजे चौकोनाची अट बसतच नसेल, तर ऑफिसचा क्लिपबोर्ड उघडा. होम टॅबवर क्लिपबोर्ड गटाच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे. एकेक सेल कॉपी करत जा. त्यात २४ तुकडे मावतात, पंचविसावा आला की पहिला जातो. नव्या शीटवर पेस्ट ऑल केले की एकाखाली एक उतरतात.

दुरुस्त केलेल्या ओळी परत मूळ यादीत घालताना

सगळ्यात मोठे नुकसान इथे होते. ३१ खाते क्रमांक दुरुस्त केले, मूळ शीटवर फिल्टर लावला, पहिल्या दिसणाऱ्या सेलवर पेस्ट केले. एक्सेल ते ३१ सलग ओळींत टाकतो, लपलेल्यांसकट. दिसणाऱ्या ओळींत एक-दोनच बरोबर बसतात आणि ज्यांचे खाते मुळात बरोबर होते त्यांच्यावर दुसऱ्याचे खाते चढते. फिल्टर काढेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

योग्य क्रम असा:

१. दोन्ही शीटवरचे फिल्टर काढा.
२. मूळ यादी पूर्ण निवडून आधी "खूण"वर आणि मग अनुक्रमांकावर सॉर्ट करा. १ असलेल्या ३१ ओळी वर एकत्र येतात, त्याच क्रमाने.
३. दुरुस्त यादीही अनुक्रमांकावर सॉर्ट करा. शेजारी ठेवून पहिला आणि शेवटचा अनुक्रमांक जुळवा.
४. आता ई कॉलम सरळ कॉपी-पेस्ट.
५. पूर्ण यादी पुन्हा अनुक्रमांकावर सॉर्ट करा.

सॉर्ट करताना एकच कॉलम निवडलेला नको. "एक्सपांड द सिलेक्शन" असे विचारले तर होच म्हणायचे, नाहीतर नावे एकीकडे आणि खाती एकीकडे होतात. यादीत वरच्या ओळीवर अवलंबून असलेले चालू बेरजेचे सूत्र असेल तर आधी ते मूल्यात बदला. व्ही-लुकअप (क्रमांकावरून दुसऱ्या यादीतली माहिती शोधून आणणारे सूत्र) येत असेल तर अनुक्रमांकावरून नवे खाते शेजारच्या कॉलमात ओढून घेणे अधिक सुरक्षित. त्याचा शेवटचा भाग शून्य द्यायला विसरू नका, नाहीतर तो जवळपासचा क्रमांक उचलतो.

गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही खूण, फिल्टर, कॉपी हाच क्रम चालतो. गूगल शीट्समध्ये गो टू स्पेशल नाही, त्यामुळे मर्ज सोडवल्यावर नावे खाली ओढून भरावी लागतात.

पाठवण्याआधी

मूळ फाइल पाठवू नका, नवी शीट वेगळ्या फाइलमध्ये हलवून तेवढीच पाठवा. फिल्टर लावलेल्या किंवा हाइड केलेल्या फाइलमध्ये उरलेल्या १८१ शेतकऱ्यांचे खाते क्रमांक तसेच असतात, उघडणारा एका क्लिकमध्ये ते पाहू शकतो. गावाच्या ग्रुपवर टाकायची असेल तर ई आणि एफ कॉलम हाइड न करता डिलीट करा, मग पीडीएफ काढा आणि ती पीडीएफ एकदा मोबाइलवर उघडून शेवटच्या पानापर्यंत बघा.